जहाज कोचीला शुक्रवारी एकच दिवस थांबणार आहे : हाताशी असलेल्या वेळेत काय पाहावे?

रुईकर_कॉलनीकर

नमस्कार मंडळी. येत्या जानेवारीत आम्ही घरचे चौघे मुंबईहून सुटणाऱ्या जहाजाने कोचीपर्यंत जाऊन परत येणार आहोत. बुधवारी सायंकाळी जहाज मुंबई सोडेल, गुरुवार संपूर्ण समुद्रात जाईल आणि शुक्रवारी सकाळी आठच्या सुमारास ते कोचीच्या धक्क्याला लागेल. त्याच दिवशी सायंकाळी सहाला ते परत निघणार असून सर्व प्रवाशांनी पाचपर्यंत जहाजावर परतले पाहिजे, असे तिकिटासोबत आलेल्या पत्रकात स्पष्ट लिहिले आहे.

जहाजावरच विकल्या जाणाऱ्या सहलींमध्ये अळप्पुळ्याच्या बॅकवॉटरची दिवसभराची सहल आणि फोर्ट कोचीची अर्ध्या दिवसाची सहल असे दोन पर्याय आहेत, पण दोन्हींचे दर माणशी बरेच आहेत आणि चौघांचा हिशेब केला की ते डोळ्यांवर येतात. त्यामुळे स्वतःच गाडी करून फिरावे असा माझा विचार आहे. आईचे वय सत्तरीच्या पुढे आहे, तिचे गुडघे दुखतात आणि ती पूर्ण शाकाहारी आहे. मुलगा इतिहास घेऊन पदवीचे शिक्षण घेत असल्याने त्याला डच पॅलेस आणि ज्यूंचे प्रार्थनास्थळ कोणत्याही परिस्थितीत पाहायचे आहे. पत्नीला बॅकवॉटरमधील नौकाविहार हवा आहे, आणि मसाल्यांची खरेदी तर होणारच. हे सगळे एका दिवसात बसेल का, आणि बसत नसेल तर काय सोडावे, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

शाहूपुरीचा_प्रवासी

सर्वप्रथम एक अप्रिय गोष्ट सांगतो, कारण तिच्यावरच पुढचे सगळे नियोजन अवलंबून आहे. आपले जहाज शुक्रवारी थांबते आहे आणि मट्टनचेरीचा राजवाडा, ज्याला सगळे डच पॅलेस म्हणतात, तो शुक्रवारी बंद असतो. ‘परदेशी’ नावाचे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, म्हणजे सिनेगॉग, शनिवारी पूर्ण बंद असते आणि शुक्रवारी, शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, सायंकाळपासून सुरू होत असल्यामुळे, केवळ दुपारपर्यंतच पाहता येते. म्हणजे चिरंजीवांच्या दोन इच्छांपैकी एक या खेपेला बाजूला ठेवावी लागेल आणि दुसरी सकाळीच पूर्ण करावी लागेल. वेळा आणि ज्यूंच्या सणांच्या सुट्ट्या निघण्यापूर्वी एकदा पुन्हा तपासून घ्याव्यात.

दुसरी गोष्ट अळप्पुळ्याची. ते कोचीपासून दक्षिणेला पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर आहे आणि रस्त्यावरची वाहतूक पाहता जाण्यायेण्यात तीन तास सहज मोडतात. ज्या गावी आपण पहिल्यांदाच जात आहोत, ज्याला पाच-सहाशे वर्षांचा व्यापारी इतिहास आहे आणि ज्याचा जुना भाग दोन-अडीच किलोमीटरच्या टप्प्यात मावतो, ते गाव गाडीच्या काचेतून पाहून दुसऱ्याच गावी निघून जाणे मला पटत नाही. आपल्याकडे येणारा पाहुणा एकाच दिवसात अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा आणि संध्याकाळी रंकाळा उरकायला निघाला, तर त्याच्या वाट्याला जे कोल्हापूर येईल, तसेच ते होईल. मट्टनचेरी आणि फोर्ट कोची ही दोनच ठिकाणे धरावीत आणि एर्नाकुलम शहरातील बाजारपेठा व मॉल यांचा विचारही करू नये.

आता वेळेचा हिशेब. जहाज आठला लागले, तरी बंदरातील औपचारिकता पूर्ण होऊन प्रवाशांना उतरू देईपर्यंत नऊ वाजतात असे धरून चालावे. जहाज विलिंग्डन बेटावरील एर्नाकुलम धक्क्याला लागते आणि तो सगळा परिसर बंदराच्या सुरक्षेखाली असल्याने जहाजाचे ओळखपत्र व आधार कार्ड प्रत्येकाने स्वतःजवळ ठेवावे. पत्नीच्या पर्समध्ये चौघांची कार्डे आणि पत्नी मसाल्याच्या दुकानात, अशी स्थिती परतीच्या वेळी बंदराच्या दारात त्रासाची ठरते. तेथून पुलावरून तोप्पुंपडीमार्गे मट्टनचेरीला गाडीने अर्ध्या तासाच्या आसपास वेळ लागतो. परतताना साडेतीनलाच गाडीत बसावे, म्हणजे वाहतूक अडली तरी छाती धडधडणार नाही. जहाजाच्या स्वतःच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते, परंतु स्वतंत्रपणे गेलेल्या प्रवाशासाठी ते थांबत नाही, हा दोन्हींतला खरा फरक आहे आणि सहलीच्या दरात त्याचीही किंमत धरलेली असते.

गाडी दिवसभरासाठी ठरवावी आणि ठरवतानाच स्पष्ट सांगावे की आम्हाला कोणत्याही हस्तकला भांडारात जायचे नाही. मट्टनचेरीत रिक्षावाल्यांना अशा दुकानांकडून दलाली मिळते, त्यामुळे "फक्त पाच मिनिटे बघा, घेऊ नका" असा आग्रह होतोच आणि त्या पाच मिनिटांत पाऊण तास जातो.

रंकाळ्याकाठची

दादा, शाहूपुरीकरांनी सांगितलेले बाकी सगळे योग्य आहे, पण सकाळच्या क्रमाबद्दल माझे मत थोडे वेगळे आहे. सिनेगॉग शुक्रवारी लवकर बंद होते म्हणून सगळेच दहाच्या ठोक्याला तेथे पोहोचतात, आणि जहाजाच्या बसगाड्याही त्याच वेळी तेथे रिकाम्या होतात. आतील दालन लहान आहे. गर्दीत उभे राहून जमिनीवरच्या फरशा पाहताच येत नाहीत आणि त्या पाहण्यासाठीच तर तेथे जायचे असते. म्हणून बंदरातून निघाल्यावर सरळ फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावर जावे, चिनी जाळी पाहावीत, आणि मग साडेअकराच्या सुमारास मट्टनचेरीला यावे. त्या वेळी पहिली लाट ओसरलेली असते आणि दार बंद व्हायला अवधीही असतो.

चिनी जाळी सकाळीच पाहण्याचे आणखी एक कारण आहे. उंच लाकडी सांगाड्याला बांधलेले ते प्रचंड जाळे दोरांना लटकवलेल्या दगडांच्या वजनावर तोललेले असते. चार-पाच माणसे मिळून ते पाण्यात सोडतात आणि थोड्याच वेळाने वर घेतात. हे काम भरतीच्या वेळेवर आणि माशांवर अवलंबून असते, आणि दुपारी उन्हात बऱ्याचदा जाळी नुसती टांगलेली असतात. कोळी दोर ओढायला आपल्याला बोलावतात. गेल्यास नंतर काही पैसे द्यावे लागतात, हे आधी माहीत असावे म्हणजे वाद होत नाही. तेथील सूर्यास्त प्रसिद्ध आहे, मात्र जानेवारीत सूर्य मावळेपर्यंत आपले जहाज धक्का सोडून निघालेले असेल. कथकलीचे प्रयोगही सायंकाळी असतात, त्यामुळे तेही यादीतून काढून टाकावेत.

जेवणाचे म्हणाल तर आपल्या आईंसाठी मट्टनचेरी सोयीची आहे. तेथे गुजराती व्यापाऱ्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे, त्यांच्या नावाचा रस्ता आहे, जैन मंदिर आहे, आणि त्या भागात शुद्ध शाकाहारी जेवण मिळते. बाकी तिघांनी मट्टनचेरीचीच बिर्याणी खावी. ती कैमा नावाच्या बारीक, आखूड तांदळाची असते. आपल्या तोंडाला ती सौम्य वाटेल, तांबड्या रश्श्याची झणझण तेथे शोधू नये. शुक्रवारी दुपारी नमाजाच्या वेळी काही दुकाने व खानावळी बंद असतात, म्हणून एकतर साडेबाराच्या आत जेवावे किंवा दोननंतर.

मसाल्यांबद्दल एवढेच सांगते की काळी मिरी, हिरवे वेलदोडे, जायफळ आणि जायपत्री ही चार नावे डोक्यात ठेवून जावे. आपल्या कांदा-लसूण मसाल्याला लागणारे धने, खसखस, तीळ आणि सुके खोबरे तेथून वाहून आणण्यात काही अर्थ नाही, ते आपल्या कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत मिळते. मिरी घेताना दाणा जड, गर्द आणि एकसारखा पाहावा, आणि वेलदोडा सोलून आतल्या बिया काळ्या व चिकट आहेत का, ते बघावे. रंगीत वेष्टनात बांधलेले तयार मसाल्यांचे संच केवळ दिसायला चांगले असतात. बहुतेक जहाजांवर बाहेरचे शिजवलेले अन्न आणू देत नाहीत, बांधलेल्या कोरड्या मसाल्याला मात्र सहसा हरकत नसते.

पन्हाळ्याचा_वारा

चिरंजीव इतिहासाचे विद्यार्थी आहेत म्हणून मी थोडे सविस्तर लिहितो. राजवाडा बंद असल्याचे दुःख त्यांना होणार, आणि ते रास्त आहे, कारण तेथील रामायणाची भित्तिचित्रे केरळच्या चित्रपरंपरेतील उत्तम नमुन्यांपैकी आहेत. पण कोचीचा इतिहास त्या एका वास्तूत कोंडलेला नाही.

मुळात हे बंदर तयार झाले ते एका महापुरामुळे, असे मानले जाते. प्राचीन काळी रोमन जहाजे ज्या मुझिरिस बंदरात मिरी भरायला येत, ते पेरियार नदीच्या मुखाजवळ होते. इ. स. १३४१ च्या पुराने तेथील मुख गाळाने भरले आणि दक्षिणेला कोचीपाशी समुद्राकडे खोल वाट मोकळी झाली. व्यापार तिकडे सरकला. पुढे १५०० मध्ये काब्रालची पोर्तुगीज जहाजे येथे आली, तेव्हा कोचीचा राजा कालिकतच्या सामुतिरी राजाच्या (झामोरिनच्या) दडपणाखाली होता आणि त्याला समुद्रावरून येणारा मित्र हवाच होता. १५०३ मध्ये पोर्तुगीजांनी येथे किल्ला बांधला, जो भारतातील युरोपियनांचा पहिला किल्ला होय. १६६३ मध्ये डचांनी पोर्तुगीजांना हुसकावले आणि १७९५ मध्ये इंग्रजांनी डचांना. तीन युरोपीय सत्ता एका मागोमाग एक त्याच काही गल्ल्यांत राहून गेल्या, आणि प्रत्येकीने आधीच्या वास्तू पाडल्या, बदलल्या किंवा आपल्याशा केल्या. फोर्ट कोचीत फिरताना किल्ला शोधू नका, त्याचे किनाऱ्यालगत थोडे अवशेषच उरले आहेत.

हे बदल एकाच वास्तूत वाचायचे असतील तर सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये वेळ द्यावा. सुरुवातीला ते लाकडी होते, मग दगडी झाले. डचांच्या काळात ते कॅथलिकांचे न राहता प्रोटेस्टंटांचे झाले, इंग्रजांच्या काळात अँग्लिकन झाले आणि आज ते दक्षिण भारतीय चर्चकडे आहे. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच मरण पावला आणि त्याला येथेच पुरण्यात आले. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले, परंतु थडग्याची जागा कठडा घालून राखलेली आहे. तेथे गर्दी असते, फोटो निघतात आणि लोक बाहेर पडतात. भिंतींत उभ्या लावलेल्या पोर्तुगीज आणि डच थडग्यांच्या शिळा मात्र फार थोडे जण वाचतात. छताखाली टांगलेला कापडी पंखाही पाहावा, ज्याची दोरी भिंतीतून बाहेर काढून बाहेरचा नोकर ती ओढत असे. जवळच सांताक्रूझ बॅसिलिका आहे. ती देखणी असली तरी मूळ पोर्तुगीज वास्तू इंग्रजांनी पाडल्यानंतर नव्याने उभी राहिली आणि १९०५ मध्ये तिचा अभिषेक झाला, हे लक्षात ठेवून पाहावी. १७२४ मधील डच दफनभूमीचे दार बहुधा बंदच असते, कुंपणातून दिसेल तेवढे पुरे.

आता सिनेगॉगविषयी. ते १५६८ मध्ये बांधले गेले. पोर्तुगीजांच्या छळामुळे आश्रय शोधणाऱ्या ज्यूंना कोचीच्या राजाने आपल्या राजवाड्याला लागून जागा दिली, आणि ती इतकी लागून की राजवाड्याच्या आवारातील मंदिराची आणि सिनेगॉगची भिंत एकच आहे. राजवाडा बंद असला तरी ही शेजारधर्माची रचना बाहेरून समजून घेता येते, आणि माझ्या मते मट्टनचेरीत समजून घेण्यासारखी हीच मुख्य गोष्ट आहे. आतील निळ्या-पांढऱ्या फरशा चीनमधून आणलेल्या आणि हाताने रंगवलेल्या आहेत, एक दुसरीसारखी नाही असे सांगतात. वर बेल्जियमची काचेची झुंबरे आहेत. बाहेरचा घड्याळाचा मनोरा १७६० च्या सुमाराचा असून त्याच्या वेगवेगळ्या बाजूंना वेगवेगळ्या लिपींतील आकडे आहेत. चपला बाहेर काढाव्या लागतात आणि खांदे-गुडघे झाकलेले कपडे लागतात. इस्रायलच्या स्थापनेनंतर येथील बहुतेक कुटुंबे तिकडे गेली, त्यामुळे ज्यू टाऊनमध्ये आज दुकाने भरपूर असली तरी ज्यू कुटुंबे जवळजवळ उरलेली नाहीत.

आपल्या मुलाला आणखी एक धागा सांगावा. कोकणातील बेने इस्रायल ज्यू, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली म्हणून आपल्याकडे शनवार तेली म्हणत, त्यांच्याकडे एकोणिसाव्या शतकात धर्मशिक्षण देण्यासाठी कोचीचे ज्यू शिक्षक आले होते. म्हणजे रायगडातील तेलाच्या घाण्यांपासून मट्टनचेरीच्या या गल्लीपर्यंत एक वाट जाते. महाविद्यालयात प्रकल्प करायचा असेल, तर हा विषय वास्को द गामापेक्षा कितीतरी ताजा आहे.

रुईकर_कॉलनीकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. राजवाडा शुक्रवारी बंद असतो हे जहाजाच्या पत्रकात कुठेही नव्हते. मुलगा थोडा खट्टू झाला, पण बेने इस्रायलचा धागा वाचून त्याने लगेच वाचनालय गाठले आहे. आता दोनच शंका उरल्या आहेत. आईला किती चालावे लागेल? आणि अळप्पुळे सोडल्यावर पत्नीच्या नौकाविहाराचे काय करावे?

कळंबा_तलाव

मी जरा विरुद्ध बाजू मांडतो. ज्येष्ठ व्यक्ती सोबत असताना जहाजाची सहल महाग वाटली तरी तिचा विचार करावा. वातानुकूलित बस धक्क्यावरच उभी असते, बंदराच्या दारापर्यंत चालत जावे लागत नाही आणि परतीच्या वेळेची काळजी राहत नाही. चौघांनी एकत्रच फिरले पाहिजे असेही नाही. आई आणि वहिनींनी अळप्पुळ्याच्या सहलीला जाऊन निवांत नौकेत बसावे आणि आपण मुलासोबत जुन्या गावात पायी फिरावे, असेही करता येईल. ज्याला इतिहासात रस नाही, त्याला चर्चच्या शिळा वाचायला लावण्यात पुण्य नाही.

शाहूपुरीचा_प्रवासी

कळंबेकरांचा मुद्दा आईंच्या बाबतीत विचार करण्यासारखा आहे, तरी दिवसभराच्या सहलीत बसमधले बसणे फार असते आणि दुखऱ्या गुडघ्यांना तेही मानवत नाही. मी दुसरा मार्ग सुचवतो.

फोर्ट कोचीच्या जेट्टीवरून एर्नाकुलममधील हायकोर्ट जेट्टीपर्यंत कोची वॉटर मेट्रोच्या नौका जातात. विजेवर चालणाऱ्या या वातानुकूलित नौका कोचीच्याच जहाजबांधणी कारखान्यात तयार झाल्या आहेत. तरंगता धक्का आणि नौकेची पातळी जवळजवळ सारखी असल्याने ज्येष्ठांना चढ-उतार करावी लागत नाही आणि चाकांची खुर्चीही आत जाते. भाडे किरकोळ आहे. वाटेत मालवाहू जहाजे, वल्लारपाडमचे कंटेनर टर्मिनल आणि बोळगट्टी बेट दिसते, जेथे १७४४ मध्ये डचांनी बांधलेला वाडा आहे. नारळीच्या झावळ्यांखालून जाणारी ती अरुंद पाण्याची वाट मात्र येथे मिळणार नाही, हे वहिनींना आधीच सांगून ठेवावे. जाऊन लगेच त्याच मार्गाने परत यावे. हायकोर्टला उतरून तेथून गाडीने बंदर गाठण्याचा मोह टाळावा, कारण एर्नाकुलमच्या वाहतुकीचा भरवसा नाही. सुट्टीच्या दिवशी रांगा लागतात, पण आपला शुक्रवार आहे. तरीही रांग मोठी दिसल्यास हट्ट न करता हा बेत सोडून द्यावा.

चालण्याबद्दल सांगायचे तर गाडी सोबत असल्यास आईंना सलग असे फारसे चालावे लागणार नाही. ज्यू टाऊनची गल्ली अरुंद असून गाडी तिच्या तोंडाशीच थांबते, तेथून सिनेगॉगपर्यंतचे अंतर त्यांना दुकानांसमोर थांबत थांबत चालता येईल. फोर्ट कोचीत परेड ग्राउंडच्या भोवती पर्जन्यवृक्षांची दाट सावली आहे. आपण चर्च पाहत असताना त्या तेथे गाडीत किंवा बाकावर बसू शकतील. देवदर्शनाची इच्छा असेल तर मट्टनचेरीतच चेरलाई भागात गौड सारस्वतांचे तिरुमल देवस्थान आहे. पोर्तुगीजांच्या काळात गोव्यातून परागंदा झालेल्या या मंडळींच्या घरांत आजही कोंकणी बोलली जाते, त्यामुळे आईंना चार शब्द ओळखीचे कानावर पडतील. केरळमधील बहुतेक मंदिरांप्रमाणे पुरुषांना सदरा काढून आत जावे लागते आणि दुपारी मंदिर बंद असते, म्हणून तेथे सिनेगॉगच्या आधी जावे.

तेव्हा क्रम असा ठेवावा : नऊला निघून चिनी जाळी आणि सेंट फ्रान्सिस चर्च, साडेदहानंतर चेरलाईचे मंदिर, साडेअकराला सिनेगॉग, लगेच जेवण, मग ज्यू टाऊनमध्ये मसाले, आणि दीडच्या सुमारास पुन्हा फोर्ट कोचीला येऊन वॉटर मेट्रोची फेरी. साडेतीनला गाडीत बसलेच पाहिजे. बॅसिलिका वेळ उरला तरच.

जाता जाता मुंबईचे सांगतो. महालक्ष्मी एक्स्प्रेसने बुधवारी सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलात तर बॅलार्ड पिअरचे प्रवासी टर्मिनल तेथून टॅक्सीने अगदी जवळ आहे. पण मंगळवारी रात्रीच्या त्या गाडीचे आरक्षण लवकर भरते, आणि आईंसाठी खालचा बर्थ हवा असेल तर तिकीट आत्ताच काढून ठेवावे.